हिंवाळ्याचा वाटा

इंग्रजी कविता शिकविण्यांत ज्यांची हयात गेली आहे, अशा आमच्यासारख्या अध्यापकांस एक अनुभव दरवर्षी न चुकतां येतो. वर्गांत हिंवाळ्यावरील एखादी कविता निघाली, कीं समोरच्या मुलामुलींच्या चेहऱ्यांवर एक प्रकारचा सभ्य अविश्वास पसरतो. पुस्तकांतला हिंवाळा म्हणजे बर्फ, अंधार, उघडीं पडलेलीं झाडें, उपाशी पांखरें आणि मरणाची आठवण. खिडकीबाहेरचा हिंवाळा म्हणजे धुतल्यासारखें निळें आकाश, पुरुषभर उंच ज्वारी, घाट्यांनीं लगडलेला हरभरा आणि अंगावर घ्यावेंसें वाटणारें ऊन. जेम्स टॉम्सन ह्या कवीचें 'विंटर' हें काव्य १७२६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील एक शेतकरी बर्फाच्या वादळांत स्वतःच्याच शेतांत वाट चुकतो, आणि घरीं बायकोमुलें विस्तव पेटवून वाट पाहात असतां बाहेर गारठून मरतो. हें वाचून आमचे विद्यार्थी हळहळतात खरे. पण ती हळहळ परक्याची असते. आमच्या अंबड तालुक्यांत ऋतूचा तडाखा बसावयाचा तो वैशाखांत. पौष-माघ हे आमच्याकडे जगण्याचे महिने आहेत.

तेव्हां इंग्लंडचा हिंवाळा बाजूस ठेवून आम्ही कधीं कधीं इटलीकडे वळतों. व्हर्जिल हा मांटुआ शहराजवळच्या खेड्यांत इ. स. पूर्व ७० मध्यें जन्मला. 'जॉर्जिक्स' नांवाचें शेतकीवरील चार सर्गांचें काव्य त्यानें इ. स. पूर्व २९ च्या सुमारास पुरें केलें. आम्हीं तें प्रथम वाचलें तें ड्रायडनच्या १६९७ सालच्या इंग्रजी भाषांतरांत. त्याच्या पहिल्या सर्गांत हिंवाळ्याचें एक लहानसें चित्र आहे. कवीच्या मतें हा शेतकऱ्याचा सुटीचा काळ. वर्षभर मिळविलेलें आतां बसून खावयाचें, शेजाऱ्यांस जेवावयास बोलवावयाचें. माल भरून बंदरास लागलेल्या गलबतावरील नाखव्यांस जसें हायसें वाटावें, तसें त्यास वाटतें. रात्रीं शेकोटीच्या उजेडांत घरधनी सुरीनें दिवट्यांचीं टोंकें तासतो; बायको मागावर बसून गाणें म्हणते, नाहीं तर द्राक्षांचा रस चुलीवर आटवीत त्याचा फेंस पानानें काढते. दिवसा ओकचीं फळें व ऑलिव्ह गोळा करावीं, करकोच्यांस फांसे लावावे, सशामागें धांवावें, एवढाच उद्योग.

आजही इटलीच्या खेड्यांत ह्यांतलें कांहीं कांहीं शिल्लक आहे. नोव्हेंबरांत ऑलिव्हची तोडणी होते, घाण्यावर हिरवें तेल निघतें, आणि भाजलेल्या पावावर लसूण घांसून, वर तें ताजें तेल ओतून खाण्याची चाल तस्कनीकडे आहे. चेस्टनट विस्तवावर भाजून सोलून खातात. जुन्या घरांतून म्हाताऱ्या बाया निखारे भरलेलें मातीचें भांडें शालीखालीं धरून बसत. हें सांगूं लागलें, कीं मागच्या बांकावरचा मुलगाही पुढें सरकतो. "सर, हा तर आपला हुरडाच झाला की!" असें एकदां एकजण म्हणाला, तें अगदीं खरें होतें. पीक पुरतें घरांत येण्यापूर्वीं त्याचा पहिला घांस शिवारांतच, विस्तवाशेजारीं, चारचौघांत बसून खाण्यांत जें सुख आहे, तें त्या देशांत आणि ह्या देशांत एकच.

आमचें अंकुशनगर मात्र व्हर्जिलच्या खेड्यासारखें पुरातन नव्हे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, महाकाळा गांवाच्या शिवारांत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवतीं वसाहत, शाळा, दुकानें, चहाच्या टपऱ्या झाल्या. आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांच्या नांवावरून त्या वस्तीस हें नांव पडलें. कारखान्यास नांव दिलें तें समर्थांचें. कारण १६०८ सालीं रामदासांचा जन्म झाला तें जांब ह्याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. ह्या सर्वांच्या मुळाशीं कालवा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं बसविली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्या धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा ह्या काळ्या, तहानलेल्या जमिनींतून वाहूं लागला, आणि ज्वारी-कापसाच्या मुलखांत ऊंस आला. तेव्हांपासून आमच्याकडे हिंवाळे दोन झाले आहेत. एक कोरडवाहू, ज्वारीचा. दुसरा कालव्याचा, उंसाचा. पहिला आमच्या आजोबांस ओळखूं आला असता. दुसऱ्याची त्यांस कल्पनाही नव्हती. ह्या दोन हिंवाळ्यांचें एकमेकांशीं नातें काय, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

आधीं पहिल्याविषयीं. दिवाळी सरली, कीं एके पहाटे अंगावरची चादर अपुरी वाटूं लागते आणि पेटींतली वाकळ बाहेर निघते. उजाडतां उजाडतां पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची शेकोटी पेटते. शेकोटीपाशीं बसलेल्याचें तोंड भाजतें आणि पाठ गारठते. म्हणून मंडळी मधून मधून पाठ फिरवून बसतात, पण बोलण्याचा धागा तुटूं देत नाहींत. ऊन वर आलें, कीं सभा भिंतीच्या उन्हाच्या बाजूस हलते. ज्वारीच्या पानांवरचें दंव अजून वाळलेलें नसतें. त्यांतून चालत गेलेल्या माणसाचें धोतर गुडघ्यापर्यंत भिजतें.

कणसांत दाणा भरूं लागला, कीं भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंग आणि काळें डोकें असलेलीं हीं पांखरें मध्य आशियाच्या गवताळ मुलखांतून हिंवाळा काढावयास आमच्याकडे येतात. तिकडे तीं टोळांचा फडशा पाडतात म्हणून शेतकऱ्याचीं मित्र. इकडे ज्वारीवर उतरतात म्हणून शत्रु. माळ्यावर उभें राहून गोफण फिरवीत हाकाट्या घालणारें पोर हें आमच्या हिंवाळ्याचें ठरलेलें चित्र होतें. आतां पुष्कळ ठिकाणीं गोफणीची जागा चकाकत्या फितींनीं घेतली आहे. हींच पांखरें एखाद्या वर्षीं नेहमींचा मुलूख सोडून पार पश्चिमेस जातात. १८७५ सालीं त्यांनीं इटलींत व्हेरोनाजवळच्या व्हिलाफ्रांका येथील जुन्या किल्ल्यांत मोठी वसाहत करून पिलें वाढविलीं, ही गोष्ट पक्षिशास्त्राच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. आणि तें गांव व्हर्जिलच्या मांटुआपासून फारसें दूर नाहीं. आमच्या ज्वारीच्या चोरांनीं त्या थोर कवीचा मुलूखही पाहिला आहे, हें कळल्यापासून आमच्या विद्यार्थ्यांस भोरड्यांविषयीं थोडा आदर वाटूं लागला आहे.

हुरड्याचें वर्णन मराठी वाचकांस नव्यानें करून सांगावें असें नाहीं. तरी आमच्या बाजूची रीत थोडक्यांत सांगतों. रोजच्या भाकरीची मालदांडी वेगळी, आणि हुरड्यासाठीं मुद्दाम चार ओळी पेरलेली गुळभेंडी किंवा सुरती वेगळी. हिचा हिरवा दाणा गोड आणि कणसांतून सहज सुटणारा. पौषांत दाण्यांतलें दूध घट्ट होऊं लागलें, म्हणजे हुरडा आला. बांधाच्या आडोशास लहानसा खड्डा घेऊन त्यांत गोवऱ्यांचा विस्तव करतात. त्यास आगटी म्हणतात. कणसें त्या आरांत खोंचावयाचीं, दाणा करपूं न देतां भाजावयाचीं, आणि चटका बसत असतांनाच तळहातांवर चोळून, फुंकर मारून, दाणे समोरच्यांपुढें टाकावयाचे. सोबत जवसाची, कारळाची, लसणाची चटणी, गूळ, दहीं. निवलेल्या हुरड्यांत गोडी नाहीं. म्हणून चोळणाऱ्या हातास थांबून चालत नाहीं. आगटीभोवतीं बसलेल्यांत एकजण असा असतोच, कीं ज्याचे तळहात काळे होतात, बोटें पोळतात, आणि ज्याच्या तोंडीं घांस पडतो तो सर्वांच्या शेवटीं. हुरडा खाणाऱ्यांनीं त्या माणसाकडे एकदां नीट पाहून ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

हुरड्याखेरीज ह्या ऋतूचीं दुसरीं सुखें थोडीं नाहींत. हरभऱ्याचे हिरवे डहाळे उपटून बांधावर बसून सोलून खावे, नाहीं तर पाचोळ्यावर भाजून त्यांचा हुळा करावा. हरभऱ्याच्या पानांवर जी आंबट आंब येते, ती धरण्यासाठीं जुनीं माणसें रात्रीं पिकावर धुतलेलें फडकें अंथरीत आणि पहाटे पिळून घेत. पोटदुखीवर तिचा एक चमचा घरोघर ठेवलेला असे. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, तव्यावरून सरळ ताटांत आलेली बाजरीची भाकरी, विस्तवांत भाजलेल्या वांग्याचें भरीत, बांधावरचीं गावरान बोरें. आणि भोगीच्या दिवशीं शेतांत जें जें हिरवें असेल त्या सर्वांची एकत्र केलेली, तिळाचा कूट घातलेली भाजी. दक्षिणेस लातूर-धाराशिवकडे तर मार्गशीर्षांतल्या अमावास्येस, वेळ अमावास्येस, गांवेंच्या गांवें ओस पडतात. कारण सारीं माणसें शेतांत जेवावयास गेलेलीं असतात.

शिवाय आमच्या बाजूस मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. ज्यास आंबे बहार धरावयाचा असतो, तो बागाईतदार डिसेंबरांत झाडांचें पाणी तोडतो; ह्यास ताण देणें म्हणतात. पानें मलूल होतात, कांहीं गळतात. मग जानेवारींत खत देऊन पाणी सोडलें, कीं थोड्याच आठवड्यांत सारी बाग पांढऱ्या फुलांनीं भरून जाते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यासही तो वास थांबवितो. परंतु ताणासही मर्यादा असते. २०१२-१३ च्या दुष्काळांत सोडावयास पाणीच उरलें नाहीं, आणि ह्याच बागा हजारोंनीं वाळून त्यांचें सरपण झालें. तोपर्यंत ताण हें बहराचें साधन आहे असें समजणाऱ्यांस त्या वर्षीं कळलें, कीं पुढें पाणी मिळणार असेल तरच ताणास अर्थ आहे. माणसांसही हा न्याय लागू आहे.

पहिल्या हिंवाळ्याच्या ह्या सुखांस एक अलिखित नियम होता. हुरड्याचा दाम कोणी घेत नसे. ज्यास आगटीचा धूर दिसला, त्यास ती आगटी खुली असे. बलुतेदार येत, मेंढरें चारणारे येत, वाटसरू येत. बसण्याची जागा जातीप्रमाणें वेगळी असे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि तो काळ सर्वस्वीं सोन्याचा होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु धूर पाहून आलेल्यास रिकाम्या हातानें परत पाठवूं नये, एवढी लाज सर्वांस होती. हल्लीं शहरांभोवतीं माणशी दर लावून हुरड्याच्या मेजवान्या होतात. झोके असतात, बैलगाडींतून फेरी असते. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरीं ज्वारीचे चार पैसे अधिक पडत असतील तर तें चांगलेंच आहे. मात्र त्यामुळें पाहुण्याचा गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाईकास धूर पाहून येतां येत नाहीं. त्यास आधीं पैसे भरावे लागतात.

आतां दुसरा हिंवाळा. त्याची चाहूल दंवानें लागत नाहीं, आवाजानें लागते. कारखान्याचा भोंगा वाजला, कीं रस्त्यानें उंसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या जोडगाड्या रात्रंदिवस वाहूं लागतात. मळीचा गोडसर, आंबूस वास साऱ्या वस्तीवर तरंगत राहतो. गव्हाणीकडील रांगेंत उभ्या असलेल्या गाडीवानांच्या शेकोट्या मध्यरात्रींही पेटलेल्या दिसतात. ह्या सगळ्या धांवपळीचें कारण थंडीच आहे. थंड रात्री आणि कोरडी हवा मिळाली म्हणजे ऊंस वाढीचें काम थांबवून साखर सांठवूं लागतो; म्हणून जानेवारी-फेब्रुवारींत साखरेचा उतारा चांगला पडतो. पण तोडलेल्या उंसांतली साखर तासातासानें घटते, त्यामुळें तो लवकर गाळावा लागतो. ऊंस पिकतो तो थंडीनें, आणि पिकल्यावर थांबत नाहीं. तेव्हां तो तोडणाऱ्यानेंही ऐन थंडींत न थांबतां तोडला पाहिजे, असा हा निसर्गाचाच हिशेब आहे.

तोडणारे येतात ते बहुधा बीडकडचे. कांहीं आमच्याच जिल्ह्यांतले, कांहीं अहिल्यानगरकडचे. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांचा अड्डा कारखान्याच्या कडेस उभा राहतो. ह्या धंद्यांत माणसें मोजतात तीं डोक्यांवर नव्हे, कोयत्यांवर. आणि एक कोयता म्हणजे एक नवरा व एक बायको. मुकादमाकडून पावसाळ्यांत उचल घेतलेली असते, ती हंगामभर तोडून फेडावयाची. २०२४ च्या जानेवारींत झालेल्या करारानें तोडणीचा दर टनामागें २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एक जोडी दिवसाकाठीं दोन टनांच्या आसपास ऊंस तोडते, सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडींत भरते. त्यासाठीं बाईस पहाटे तीन वाजतां उठून भाकरी थापाव्या लागतात. जें दंव आमच्या धोतराची गंमत करतें, तें उंसाच्या फडांत तिच्या अंगावर पाण्यासारखें ओततें. आणि उंसाच्या पानाची कड ओल्या हातास सुरीसारखी कापते. उंसाच्या मालकाचेंही सारें सुखांत चालतें असें नाहीं. विजेची पाळी रात्रींची आली, कीं तोही हातांत विजेरी घेऊन, गार पाण्यांत उभा राहून दारीं धरीत असतो. व्हर्जिलच्या शेतकऱ्यास हिंवाळ्यांत सुटी होती. आमच्या कालव्याच्या हिंवाळ्यांत ती कोणासच नाहीं. परंतु पहाटे मालकास घरीं जाऊन वाकळ पांघरतां येते, हा भेद कांहीं लहान नव्हे.

हा भेद आमच्या मनांत ठसला तो एका विद्यार्थ्यामुळें. बालाघाटाच्या डोंगराकडील एका गांवचा हा मुलगा नातेवाइकाकडे राहून शिकत होता. दिवाळीच्या सुमारास तो रजा मागावयास आला. आईवडील सातारा-सांगलीकडे तोडणीस निघाले होते. वडिलांचा गुडघा दुखावला होता.

"औंदा मलाच जावं लागतंय, सर. मार्चात येतो परत."

"पुस्तकें घेऊन जाशील ना?" आम्हीं विचारलें.

"नेतो की. पण सर, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"त्या कवितेतला शेतकरी थंडीत घरी बसून शेकतो. आमच्या गावात थंडीत अर्ध्या घरांना कुलपं असतात. आमच्याबी. मग परीक्षेत लिहिताना हिवाळा कोणता धरायचा? त्याचा का आमचा?"

"दोन्ही लिही," असें आम्हीं त्यास सांगितलें. परंतु तो गेल्यावर बराच वेळ आम्ही पुस्तक मिटून बसलों. टॉम्सनच्या शेतकऱ्याची गोष्ट त्यास परकी वाटत नव्हती, तर जवळची वाटत होती, हें तेव्हां आमच्या ध्यानीं आलें. त्या शेतकऱ्यासही घरच्या विस्तवापर्यंत पोंचतां आलें नव्हतें. भेद एवढाच, कीं त्याची वाट बर्फानें अडविली होती, आणि ह्याची उचलीनें. बर्फ कोणी पाडीत नाहीं.

मग व्हर्जिलच्या चित्राकडे आम्हीं पुन्हां पाहिलें. त्याच्याच देशांत, त्याच्यापूर्वीं सुमारें १३० वर्षें, केटो नांवाच्या वजनदार गृहस्थानें शेतकीवर एक गद्य पुस्तक लिहिलें आहे. त्यांत कविता नाहीं, हिशेब आहे. मळ्याच्या कारभाऱ्यानें पावसाची सबब सांगितली, तर मालकानें त्यास विचारावें, कीं पावसांतही करतां येण्याजोगीं कामें थोडीं होतीं काय? पिंपें धुणें, घर झाडणें, धान्य हलविणें, शेणखत बाहेर काढणें, दोर सांधणें, गुलामांनीं आपल्या फाटक्या घोंगड्यांस ठिगळें लावणें. गुलाम आजारी होते, तर त्यांस एवढें अन्न द्यावयाचें कारण नव्हतें. म्हातारा बैल आणि म्हातारा गुलाम विकून टाकावा. हीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं, म्हणजे रोमन हिंवाळ्याचा पुरता अर्थ लागतो. शेकोटीजवळच्या गाण्याचा सूर एका पुस्तकांत आहे, तर ठिगळें लावणारा हात दुसऱ्यांत. आमच्याकडेही फार निराळें नाहीं. कालिदासाच्या नांवावर असलेल्या 'ऋतुसंहारां'त शिशिराचा सर्ग उघडतो तोच पिकलेल्या साळींनीं आणि उंसानें झांकलेल्या भूमीच्या वर्णनानें. तो ऊंस पहाटे कोणी तोडला, ह्याची विचारपूस तेथें नाहीं. कवीस दोष देण्यांत हशील नाहीं. त्याचें काम रसाचें होतें. परंतु वाचणाऱ्यानें दोन्ही पुस्तकें हाताशीं ठेवावीं.

आमचे एक स्नेही ह्यावर म्हणतात, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही हुरड्याच्या घांसांत खडा कशाला टाकतां? चार दिवसांची थंडी, ती तरी सुखानें घेऊं द्या." त्यांच्या बोलण्यांत तथ्य आहे. दुसऱ्याचें दुःख आठवून आपलें ताट दूर लोटल्यानें त्या दुसऱ्याच्या ताटांत कांहीं पडत नाहीं. सुखाची लाज बाळगणें हाही एक प्रकारचा डौलच आहे, आणि तो आम्हांस करावयाचा नाहीं. हुरडा गोड लागतो. तो गोडच लागला पाहिजे. आमचें म्हणणें ह्याहून साधें आहे. ह्या ऋतूच्या सुखास पूर्वींपासून एक वाटा जोडलेला आहे. धूर पाहून येणाऱ्यास बसवून घ्यावें, हा तो वाटा. ज्वारीच्या हिंवाळ्यानें तो आपल्या रीतीनें पाळला. उंसाच्या हिंवाळ्यास तो अजून पाळतां आलेला नाहीं, कारण येथें धूर कोप्यांतून निघतो आणि पाहणारे आपण असतों.

हा वाटा दयेच्या रूपानें द्यावयाचा नाहीं. तो मजुरीच्या दरांत असावा, उचलीच्या हिशेबांत असावा, अड्ड्यावरील पाण्याच्या नळांत आणि दिव्यांत असावा. त्यांतील पहिली बाब आम्ही अध्यापक असल्यामुळें आम्हांस विशेष दिसते, ती म्हणजे मुलांनीं हिंवाळ्यांत आपल्या गांवीं राहावें. अड्ड्यांवर साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न झाले. २०२१ सालीं राज्य शासनानें ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना काढली. ज्या गांवांतून माणसें जातात, त्या गांवाजवळ मुलासाठीं अंथरूण, जेवण आणि दिवा असला, तर त्याचें वर्ष वांचतें. मोसंबीच्या झाडास दिलेला ताण जानेवारींत तुटतो. ह्या मुलांचा ताण ऐन शिकण्याच्या महिन्यांत सुरू होऊन परीक्षेपर्यंत टिकतो. आमचा तो विद्यार्थी मार्चांत परत आला. बोटांवर कापल्याच्या खुणा होत्या. पुस्तकें त्यानें नेलीं होतीं आणि परतही आणलीं होतीं. त्यांवर पाचटाची धूळ होती. परीक्षेस तो बसला आणि उत्तीर्णही झाला. तथापि त्याच्याबरोबर गेलेले दोघे मित्र परत आले नाहींत.

भोगीच्या दिवशीं आमच्या वस्तींतल्या कांहीं बायका, त्यांत आमच्या घरचीही मंडळी आलीच, जवळच्या अड्ड्यावर तिळाच्या भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन जातात. ही चाल कोणी काढली तें सांगतां येत नाहीं. दहा-बारा वर्षें ती चालू आहे. पहिल्या वर्षीं त्यांस वाटलें होतें, कीं आपण कांहीं देऊन येणार. त्या दिवशीं फडावरून परतलेल्या बायकांनीं हातपाय धुतले, डोईवर पदर घेतला, आणि आलेल्यांस कोपीसमोर गोणपाट अंथरून बसविलें. हळदकुंकू झालें. "बाई, रिकामं भांडं कसं न्यावं?" असें म्हणून एकीनें आमच्या डब्यांत सोललेल्या उंसाच्या कांड्या भरल्या, आणि दुसरीनें शेजारणीच्या गाईसाठीं वाढ्यांची एक पेंढी बांधून दिली. आपल्या घरापासून दूर, उघड्या माळावर, तीन दगडांच्या चुलीपाशीं त्या बायका यजमानीण होत्या आणि आमच्याकडच्या पाहुण्या. आलेल्यास रिकाम्या हातानें परत पाठवूं नये, ही जुन्या आगटीची लाज त्यांनीं आपल्याबरोबर आणलेली होती. त्या कांड्या आम्हीं घरीं खाल्ल्या. थंडीनें ऊंस चांगला पिकलेला होता, आणि फारच गोड होता.